मानाचं जाळं

१२ मार्च २००६

मुखरूभाऊ, माफ करा. ही डायरी तुम्ही संक्रांतीला माझ्या हातात दिली आणि म्हणालात, रोज दोन ओळी लिहा, दिवाळीला आलो की वाचीन. आता होळी तोंडावर आली आणि मी पहिलं पान उघडतो आहे. चौथी शिकलेला माणूस लिहायला बसला की आधी चष्मा सापडत नाही, मग पेन सापडत नाही, दोन्ही सापडले की लाईन जाते. पण खरं कारण ते नाही. तुम्ही आपल्या मच्छीमार संस्थेचे सचिव होता तोवर लिहिणं तुमच्याकडे होतं आणि काळजी करणं माझ्याकडे, अध्यक्षाकडे. तुम्ही मुलाजवळ भामरागडला गेलात आणि दोन्ही माझ्याच गळ्यात आलं.

आजची काळजी अशी. मोठ्या तलावातला गाळ निघाला तेव्हा तुम्ही इथेच होता. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा कारखान्याचा. फुटकी पाळ बांधली, शाळेला खोल्या झाल्या, चामोर्शीपर्यंत रस्ता डांबरी झाला. पूर्वी होळीनंतर त्या तलावात ढोरं बसायची. यंदा पाणी अजून पाळेच्या दगडांना लागून आहे आणि रोहू-कतला अशी वाढली आहे की पोहताना पाण्यात पाठी दिसतात. कारखान्याचे मालक गिरधरशेठ यांनी मनावर घेतलं म्हणून हे झालं. मी भीतीने लिहीत नाही. आमचा पोरगा सुरेंद्र त्यांच्या फाटकावर पहारेकरी आहे म्हणूनही लिहीत नाही. झालं ते झालं. त्यांचा सत्कार झालाच पाहिजे, आणि तो २० तारखेला आपल्या गावात ठरला आहे.

आज समाजमंदिरात बैठक झाली. कारखान्याचे विकास अधिकारी प्रफुल टेंभुर्णे आले होते. तरुण मुलगा, बोलायला फार गोड. म्हणाले, "आजोबा, शाल-श्रीफळ तर सगळीकडेच असतं. साहेबांना तुमच्या मातीतलं काहीतरी द्या."

माझ्याच तोंडून निघून गेलं, "आमच्या ढिवरांत जाळ्यापेक्षा मोठा मान नाई."

त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. उन्हाळ्याची मासेमारी सुरू व्हायच्या आधी तलावाकाठच्या देवीच्या, मातामायच्या साक्षीने गावातल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर मानाचं जाळं ठेवतात. तो गुडघाभर पाण्यात उतरून पहिला फेका टाकतो. त्या फेक्यातली मासोळी मातामायला आणि ज्या घरात कमावता माणूस नाही त्या घराला. त्यानंतर सगळ्यांची जाळी. त्याने फेका टाकेपर्यंत गावातलं एकही जाळं पाण्याला लागत नाही.

झिंगू मागून बोलला, "शेठ पाण्यात उतरन का? त्याचे बूट कोन धरन?"

सगळे हसले. प्रफुल साहेबांनी मात्र लिहून घेतलं. म्हणाले, "उतरतील ना. फोटोही छान येईल."

परक्या माणसाला हे जाळं कधी दिलं होतं का, ते तुम्हाला विचारावं म्हणून बसथांब्यावरून भामरागडला फोन लावला. लागला नाही.

१७ मार्च

जाळं काढलं. सुताचं, तुमच्या वडिलांच्या हातचं. दोन जागी उंदराने कुरतडलं होतं ते विणून घेतलं. शिशाच्या गोळ्या मोजून पाहिल्या, पुऱ्या आहेत.

कमळा चुलीजवळून पाहत होती. म्हणाली, "शेठ फेकन कसा? त्याले येते का?"

मी म्हणालो, "कसाही फेकू दे. पान्यात पडलं म्हनजे झालं."

"अन् नाई पडलं त?"

हिला काही चांगलं सुचतच नाही.

२१ मार्च

काल सत्कार झाला. डोकं दुखतं आहे तरी लिहितो.

शाळेच्या पटांगणात मंडप. पाहुणे सकाळचे येणार होते, ऊन डोक्यावर आलं तेव्हा आले. मोठे अधिकारी, तालुक्यातले व्यापारी, कॅमेरेवाले. मानपत्र माझ्या सुनेने, साधनाने वाचलं. दहावी पास आहे म्हणून तिलाच सांगितलं होतं. 'सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे शिल्पकार' इथे अडखळली, पण सावरून घेतलं. मी शेजारच्या प्रफुल साहेबांना हळूच विचारलं, भागीदारी म्हणजे नेमकं काय. ते म्हणाले, "अर्धं सरकार, अर्धी कंपनी, आजोबा."

"अन् आमी?"

"तुम्ही लाभार्थी."

जाळं तलावावर मातामायसमोर ठेवायचं असतं. पण कॅमेरे मंडपात होते, म्हणून मातामायचा गुलाल ताटात आणून मंचावर ठेवला. मीच ठेवला. मीच शेठजींच्या खांद्यावर जाळं ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं. डोळे भरून आले होते त्यांचे, मी खोटं लिहीत नाही. माइकवर म्हणाले की आजवर पुष्कळ पुरस्कार मिळाले, पण असा नाही मिळाला.

मग भाषणं. एकाने पाणी, एकाने रस्ते, एकाने पुन्हा पाणी. बाया उन्हात बसलेल्या. तलावावर आम्ही वाट करून ठेवली होती, पाट ठेवला होता, शेठजींनी बूट काढून बसावं म्हणून. पण मोठ्या अधिकाऱ्यांचा पुढचा कार्यक्रम गडचिरोलीला होता. सगळे एकदम उठले. मी मंडपातून धावत गाडीपर्यंत गेलो. काचेतून म्हणालो, "साहेब, तलाव राह्यला."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "दादा, आप लोगों का प्यार है. तालाब आपका, हम आपके."

गाडी गेली. जाळं त्यांच्या मांडीवर होतं.

माझ्यामागे झिंगू येऊन उभा राहिला. "अध्यक्षसाहेब, जाळं गेलं."

२७ मार्च

कोणीही तलावात उतरलं नाही. दोन-चार दिवसांत शेठजी येतील असं मी सांगितलं आहे. मोठी माणसं कामात असतात. सुरेंद्रला म्हणालो, फाटकावर गाडी थांबली की हळूच आठवण कर. तो म्हणाला, "बाबा, मी गाडीले सलाम ठोकतो. काच खाली होत नाई. अन् मले नोकरीत पक्कं करायचा कागद साहेबाच्या टेबलावर हाय, आता काई बोलू नोका."

खरं आहे ते. आता बोलण्याची वेळ नाही.

६ एप्रिल

मुलचेऱ्याकडचा बिश्वास, दरवर्षी बर्फ घेऊन येतो तो, आला होता. पाळेवर उभा राहून पाण्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "इस्तारीदादा, एवढी मासोळी मी या तलावात कधी पाहिली नाही. काढत का नाही?"

मी सांगितलं. त्याने पुष्कळ वेळ ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तो शेठ येईपर्यंत?"

"हाव."

"आणि त्याला माहीत आहे?"

मी म्हणालो, सत्कारात सांगितलं होतं. मग आठवलं, सांगितलं होतं प्रफुल साहेबांना. शेठजींना कोणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. बिश्वास बर्फ घेऊन दुसऱ्या गावी गेला.

गाव सध्या मोहफुलं वेचण्यात आहे म्हणून ठीक चाललं आहे.

११ एप्रिल

आज प्रफुल साहेब शाळेच्या खोल्यांचे फोटो काढायला आले होते. मी धीर केला. सरळ सांगणं बरं दिसेना. माणसाला मान द्यायचा आणि वर म्हणायचं की आता येऊन त्याचं काम करा, म्हणजे मान दिला की मजुरी लावली? म्हणून वळसा घेऊन सांगितलं, "साहेब, जाळं शेठजींच्या खांद्यावर हाय, त्याच्यानं गावातलं कोनीच तलावात उतरून नाई राह्यलं."

ते फोटो काढता काढता थांबले. "कोणीच नाही? एकही माणूस नाही?"

"एकबी नाई."

"साहेबांसाठी?"

"मंग कोनासाठी?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. "आजोबा, हे मी साहेबांच्या कानावर घालतो. आजच."

जिवाला बरं वाटलं. समजदार मुलगा आहे. घरी येऊन कमळाला सांगितलं, भाकर दोन घास जास्त खाल्ली. आता येतील.

१९ एप्रिल

साधनाने पेपर आणला. वरच्याच बाजूला आपल्या तलावाचा फोटो. खाली लिहिलं आहे, 'उद्योगपतीच्या सन्मानार्थ संपूर्ण गावाने मासेमारी सोडली.' आत माझं नाव आहे. अध्यक्ष इस्तारी यांनी सांगितले की आम्ही एकही जाळे टाकणार नाही. मी असं कधी बोललो? बोललो थोडंफार असंच, पण हे असं नव्हतं.

साधना म्हणाली, "मामंजी, यायले वाटते आपन उपकार फेडून राह्यलो."

झिंगूने तो पेपर पानठेल्यावर मोठ्यांदा वाचून दाखवला. शेवटी म्हणाला, "जाळं शेठच्या खांद्यावर, अन् गाव सापडलं आत." माणसं हसली, पण पूर्वीसारखी नाही. मी तिथेच होतो. बिडी न पेटवताच परत आलो.

संध्याकाळी कारखान्याची गाडी आली, साऱ्या गावाला पेढे. शेठजींनी पाठवले.

२४ एप्रिल

तलाव खोल झाला म्हणून पलीकडच्या कास्तकारांनी यंदा उन्हाळी धान लावलं आहे. पाटाचं पाणी सुरूच आहे. त्यांचं काही चुकत नाही, पाणी त्यांचंही आहे. पण पाळेचे दगड उघडे पडत चालले आहेत.

३ मे

काल नागपूरला जाऊन आलो.

प्रफुल साहेब न्यायला आले होते. उद्योगपतींच्या मंडळाने शेठजींना प्रादेशिक विकासाचा मोठा पुरस्कार दिला, त्यात आपल्या गावाची गोष्ट सांगायची म्हणून मला नेलं. मी मनाशी पक्कं केलं होतं, तोंडावर सांगून टाकायचं. जीपमध्ये वाक्य पाठ करत गेलो. साहेब, एक दिवस या, एक फेका टाका, मग आम्ही मोकळे. एवढंच. मूल गाव येईस्तोवर पाठ झालं, नागभीडला एकदा विसरलो, उमरेडला पुन्हा आठवलं.

हॉटेलचा हॉल. इतकी थंडी की मला धोतराखाली कापरं भरलं. आणि मंचावर, मुखरूभाऊ, काचेच्या पेटीत आपलं जाळं. पसरून लावलेलं, मागे निळं मखमल, वरून दिवा. गोळ्या चकाकत होत्या, कोणीतरी घासल्या असाव्यात. खाली पितळी पाटी. तुमच्या वडिलांनी विणलेली गाठ न् गाठ दिसत होती. कोणी म्हणेल चोरी, पण तसं नव्हतं. देव्हाऱ्यासारखं ठेवलं होतं. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. एवढं सुंदर ते जाळं मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाण्यात टाका असं कसं म्हणू?

मला माइकवर बोलावलं. प्रफुल साहेब कानात म्हणाले, दोनच शब्द. समोर सगळे कोटवाले. पाठ केलेलं वाक्य डोक्यातून निघून गेलं. मी म्हणालो, "साहेबांनी एकवार आमच्या तलावावर यावं."

टाळ्या पडल्या. शेठजी उठून आले आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "जरूर आऊंगा, दादा. और जब तक मैं हूँ, उस तालाब की एक मछली को कोई हाथ नहीं लगाएगा. ये मेरा वचन है."

पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले.

६ मे

गाव विचारतं, काय म्हणाला शेठ. मी सांगितलं, येतो म्हणाले. ते खरं आहे. मग विचारतात, कधी. मी म्हणालो, २१ तारखेला.

तारीख कुठून आली माहीत नाही. तोंडातून निघाली. आता सगळे २१ तारीख धरून बसले आहेत. कमळाने माझ्याकडे पाहिलं.

वचनाचं मी कोणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून बसथांब्यावरून प्रफुल साहेबांना फोन करतो आहे. एक बाई म्हणते, मीटिंगमध्ये आहेत.

१३ मे

माणसं तेंदूपानाला जंगलात जातात, पहाटे निघतात आणि उन्हाच्या आत येतात. गाव दुपारभर सुस्त पडलेलं असतं. आज पाळेवर गेलो तर झिंगू जाळं घेऊन पाण्याच्या काठी उभा. आसपास कोणी नाही. मी झाडाआड थांबलो. त्याने जाळं कोपरावर घेतलं, दातात दोरी धरली, पाय रोवले. मी मनात म्हटलं, टाक. टाक बाबा, तुझ्या हातून सुटू दे.

तो तसाच राहिला. मग जाळं खाली ठेवून पाण्यात थुंकला आणि बसला. मला पाहिल्यावर म्हणाला, "मायनं सांगतलं, त्या तलावाची मासोळी आनली त चूल लावनार नाई."

मी त्याच्याजवळ बसलो. पाण्याच्या मधोमध मासोळ्या तोंड वर काढून हवा घेत होत्या.

२१ मे

लिहायचं नव्हतं. पण तुम्ही म्हणाला होता, वाईट दिवस आधी लिहावा.

सकाळपासून गाव पाळेवर. बायांनी आरतीचं ताट आणलं, सोमारी म्हातारीने, झिंगूच्या मायने, मातामायला नवा शेंदूर लावला. तिला पाट धरून बसायची हौस. म्हणत होती, शेठचे पाय मी धुईन. मी सगळ्यात पुढे उभा. घाम येतो आहे असं दाखवून सारखं तोंड पुसत होतो. मनात आशा होती की खरंच येतील. मी तारीख बोललो तर त्या तारखेत काहीतरी असेल, असं वाटत होतं.

दुपारी धूळ उठली. पोरं ओरडली, आली, आली.

गाडीतून प्रफुल साहेब उतरले. मागच्या टेम्पोत लोखंडी खांब आणि मोठी पाटी. साधनाने वाचून दाखवली. सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून साकारलेला मत्स्य अभयतलाव. ग्रामस्थांच्या इच्छेनुसार येथे मासेमारीस सक्त मनाई आहे.

प्रफुल साहेब खुशीत होते. "आजोबा, साहेब मुलीकडे परदेशात गेले आहेत, नाहीतर स्वतः आले असते. पावसाळ्यानंतर नक्की. पण त्यांनी वचन पाळलं बघा. आणि तुमच्यासाठी अजून एक गोड बातमी." त्यांनी गाडीकडे हात केला. सुरेंद्र उतरला. नवा खाकी गणवेश, गळ्यात शिट्टी. पक्का झाला. तलावाचा पहारेकरी म्हणून.

पोराचा चेहरा मला पाहवेना. त्यालाही माझा.

सोमारी म्हातारीने विचारलं, "शेठ कोठी हाय?" तिने पाट उचलला आणि घरी गेली.

कमळा घरी येऊन म्हणाली, "तारीख तुमीच काढली होती ना?"

"हाव."

"मले ठाव होतं. म्हटलं, बुढा कवा तोंड उघडन."

२४ मे

आज पाण्यावर पांढरी पोटं दिसली. काठाला वास सुटला आहे. पाणी हाताला चटका देतं. मधल्या डोहात अजून जीव आहे, बाकी तलाव म्हणजे चिखलाची परात.

सकाळी कमळाने सूप-टोपलं घेतलं, साधनाला हाक मारली आणि पाळेकडे निघाली. मी मागून गेलो. "कुठी चालली?"

"मासोळी आनाले."

"जाळं..."

"माह्या हातात जाळं हाय का?" टोपली वर करून दाखवली. "तुमच्या बाप-आज्यानं नेम केला तो जाळ्याचा केला. टोपलीचं नाव कोनी घेतलं? बायाईले कोनी इचारलं होतं का तवा, का आता इचारता?"

पाळेवर सुरेंद्र उभा होता. कमळा त्याच्या समोरून उतरली. पाटीला हात लावून गेली, जशी देवळाच्या पायरीला लावते. तो म्हणाला, "आई, मले शिट्टी माराले लागन."

"मार ना," कमळा म्हणाली, "बाळपनी तुले शू करवाले मी शिट्टी मारत होती, आता तू मार."

ती लुगडं खोचून चिखलात शिरली. साधना मागे. मग अजून बाया. शेवटी सोमारी म्हातारी, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. सुरेंद्रने शिट्टी तोंडात धरली. वाजवली नाही, काढलीही नाही. पाठ फिरवून पळसाच्या झाडाकडे पाहत उभा राहिला, बाया बाहेर येईस्तोवर तसाच.

आम्ही पुरुष पाळेवर बसून पाहत होतो. झिंगूने तेवढ्यात म्हटलं, "इस्तारीभाऊ, कमळाबाईले अध्यक्ष करा." कोणी हसलं नाही, कारण तो थट्टा करत नव्हता.

आज गावात प्रत्येक घरातून मासोळीचा वास आला. सोमारीच्या घरूनही.

२६ मे

मुखरूभाऊ, आता हे शेवटचं लिहितो आणि डायरीच तुमच्याकडे पाठवतो. आधी वाटलं, एक कागद लिहावा. पण तुम्हाला काय काय सांगायचं आणि काय लपवायचं ते मला ठरवता येईना, म्हणून सगळंच वाचा. माझी तारीखही त्यात आहे.

बाया काठाचं काढू शकल्या. मधल्या डोहात टोपली चालत नाही, तिथे माणूस बुडतो. मोठी मासोळी सगळी तिथे गोळा झाली आहे आणि पाणी रोज खाली जातं आहे. जाळी पडली नाहीत तर ती तिथेच सडेल. मग पावसाळ्यात त्या पाण्यात मासोळीचं बीज टाकून उपयोग नाही, आणि पुढल्या साली तलाव कोणाचा असेल तेही मला सांगता येत नाही. प्रफुल साहेबांना काल सगळं सरळ सांगितलं, पहिल्यांदा, वळसा न घेता. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "आजोबा, हे आधी का नाही सांगितलं? आता पाटी लागली. वर कळवतो." ते बिचारे खरंच कळवतील. पण शेठजी परदेशात आहेत.

मी नवीन जाळं विणायला घेतलं आहे. डोळे साथ देत नाहीत, गाठी साधना तपासते. अर्ध्याच्या वर झालं. त्याला गोळ्या जुन्या जाळ्यांतल्या लावतो आहे, प्रत्येक घराने थोड्या थोड्या दिल्या. झिंगूने सगळ्यात जास्त दिल्या.

सुरेंद्र मला म्हणाला, "बाबा, ज्या दिवशी टाकाल त्या दिवशी मी गणवेश घालनार नाई." त्याच्या नोकरीचं काय होईल, मला झोप नाही. पण तो बोलला ते तुम्हाला कळावं.

आता तुम्हाला विचारायचं ते. गावात दुसरा कोणी जुना माणूस उरला नाही ज्याचं सगळे मानतील. तुम्ही लहानपणी पुष्कळ पाहिलं आहे. एकदा दिलेला मान, माणूस जिवंत असताना, त्याचा अपमान न करता दुसऱ्याच्या खांद्यावर देता येतो का? मला गिरधरशेठचा अपमान करायचा नाही. तलाव त्यांनीच खोल केला. काचेतलं जाळं त्यांच्याकडेच राहू द्या.

आणि दुसरं. जाळं कोणाच्या खांद्यावर ठेवायचं यावर काल पाळेवर बोलणं झालं. मी नको म्हणालो, माझा खांदा त्या लायकीचा उरला नाही. तेव्हा कमळा म्हणाली, "माह्या खांद्यावर ठेवा. मी उतरली आधीच, माहे पाय ओले हायेत." कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सोमारी म्हातारी एवढंच बोलली, मुखरूले इचारा.

तर विचारतो. मानाचं जाळं बाईच्या खांद्यावर कधी ठेवलं होतं का? तुमच्या आज्याच्या काळात, त्याच्याही आधी, कुठल्याही गावात, एकदा तरी?

डायरी भामरागडच्या एसटीतल्या कंडक्टरजवळ देतो आहे. त्याच्याच परतीच्या फेरीला निरोप पाठवा. ढग दिसायला लागले आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की तुमचा रस्ता बंद, आणि मग तुमचा शब्द इकडे यायला दिवाळी उजाडेल.

मोठं लिहू नका. झालं होतं, एवढंच कळवा. आणि मुखरूभाऊ, झालं नसेल तरी, झालं होतं असंच कळवा. पण लवकर कळवा.